नकाशापासून कारखान्यापर्यंत : कन्नड स्वायत्ततेची वाटचाल आणि पीण्याची साक्ष

१. प्रश्नाची मांडणी

एखाद्या मोठ्या राज्यसंस्थेत राहूनच आपली भाषा, आपला प्रदेश आणि आपले निर्णय यांवर अधिक हक्क मागणाऱ्या समाजांना राज्यशास्त्रात ‘अल्पसंख्य राष्ट्रे’ असे म्हटले जाते. क्युबेक, कॅटलोनिया, स्कॉटलंड आणि वेल्स ही त्यांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे होत. भारतातील भाषिक राज्यांचा विचार या मालिकेत सहसा केला जात नाही. भाषावार प्रांतरचना ही प्रशासनाची सोय होती, असे मानण्याची सवय आपल्या विचारविश्वात रुजली आहे. प्रस्तुत निबंधात ही सवय काही काळ बाजूला ठेवून कन्नड भाषकांच्या स्वायत्ततेच्या मागणीचा इतिहास तपासावयाचा आहे. त्यासाठी निरीक्षणाचे ठिकाण म्हणून बंगळूरमधील पीण्या औद्योगिक क्षेत्र निवडले आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने कारखान्यांच्या वसाहतीकडे का वळावे, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होईल. भाषिक स्वायत्ततेची मागणी प्रथम ग्रंथांतून, परिषदांतून आणि गीतांतून व्यक्त होते. तिला राज्य मिळाल्यानंतर ती शाळेच्या वेळापत्रकात, दुकानाच्या पाटीवर आणि भरतीच्या यादीत शिरते. ग्रंथातील ‘आम्ही’ आणि भरतीच्या यादीतील ‘आम्ही’ एकच असतात का, हा प्रश्न वाङ्मयाचाही आहे. पीण्यात तो स्पष्टपणे दिसतो. शिवाय मराठी अभ्यासकाला या इतिहासाकडे परक्याच्या तटस्थतेने पाहता येत नाही. कन्नड भाषकांची ‘अल्पसंख्य’ असल्याची पहिली आधुनिक जाणीव बऱ्याच अंशी मराठीच्या सावलीत घडली आहे.

२. मराठीच्या सावलीतील धारवाड

एकोणिसाव्या शतकात धारवाड, बेळगाव, विजापूर या भागाला इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. पेशवाईच्या अस्तानंतर हा मुलूख मुंबई इलाख्यात आला, आणि जुन्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेवरून त्याचे नाव पडले. मुलूख बहुतांशी कन्नड होता, पण दप्तर आणि शाळा यांत मराठीचे वर्चस्व होते. पुढे धारवाडला मुख्यालय असलेल्या रेल्वे कंपनीचे नावही ‘सदर्न मराठा रेल्वे’ असेच होते. कन्नड मुलांनी कन्नडमधून शिकावे यासाठी शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना प्रयत्न करावे लागले. १८९० साली धारवाडात रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने ‘कर्नाटक विद्यावर्धक संघ’ स्थापन झाला, तो याच पार्श्वभूमीवर.

या जागृतीचे स्वरूप मात्र मराठीद्वेषाचे नव्हते. ‘कर्नाटक कुलपुरोहित’ म्हणून गौरविले गेलेले आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. लोकमान्य टिळकांचा प्रभाव त्यांच्यावर होता. ‘गीतारहस्या’चा कन्नड अनुवाद त्यांनीच केला. १९१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘कर्नाटक गतवैभव’ हा ग्रंथ आपल्या समाजाला विस्मृत इतिहासाची आठवण करून देतो. त्याची प्रेरणा महाराष्ट्रातील इतिहासलेखनाच्या चळवळीशी जवळचे नाते सांगणारी आहे. ज्या भाषेच्या वर्चस्वातून सुटावयाचे, तिच्याच विद्यापीठात सुटकेची भाषा शिकावी, हा अनुभव जगातील अनेक अल्पसंख्य राष्ट्रांना आला आहे. वेंकटरावांनी पुढे ‘कर्नाटकत्व’ ही संकल्पना मांडली. भारतीयत्वात राहून, त्याला पूरक अशी ती अस्मिता होती. कुवेंपूंचे जे गीत २००४ साली राज्यगीत म्हणून स्वीकारण्यात आले, त्यातही कर्नाटकाला भारतमातेची कन्या म्हटले आहे. नात्याची ही भाषा या चळवळीच्या मुळाशी आहे. घर तोडण्याची तिची इच्छा नव्हती. त्या घरात स्वतःची चूल असावी एवढे तिचे मागणे होते.

घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, मराठीतही त्यांनी लेखन केले, आणि सोलापूरच्या महाविद्यालयात १९४४ ते १९५६ या काळात अध्यापन केले. शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ या ग्रंथात मराठी संस्कृतीच्या तळाशी असलेले कन्नड थर दाखविले. नवव्या शतकातील ‘कविराजमार्गा’त कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे, बंगळूरच्या बाजूने पाहावे, तर सतराव्या शतकात तेथे शहाजीराजांची जहागीर होती आणि जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्यांच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींचे दर्शन घडते. याचा अर्थ असा की, दोन्ही बाजूंकडे पुरेसे जुने नकाशे आहेत. त्यांतून काव्य निघते, ग्रंथ निघतात. निवाडा मात्र निघत नाही.

३. एकीकरण आणि त्याचा उरलेला भाग

१९१५ साली बंगळूरला कन्नड साहित्य परिषद स्थापन झाली. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या, आणि १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले त्याच वेळी तेथे कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. राजकीय कर्नाटक अस्तित्वात येण्यापूर्वी तीन दशके ते संघटनेच्या आणि साहित्याच्या पातळीवर अशा प्रकारे अस्तित्वात आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर संस्थानाचा प्रदेश, मुंबई इलाख्यातील जिल्हे, हैदराबाद संस्थानातील बिदर, गुलबर्गा व रायचूर, मद्रासकडील दक्षिण कानडा आणि कोडगू हे सर्व एकत्र आले. बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. जुन्या म्हैसुरातील अनेकांना हे एकीकरण नको होते. आपल्या सुस्थित राज्यावर मागास भागांचा भार पडेल ही त्यांची भीती होती. राज्याचे नावही १ नोव्हेंबर १९७३ पर्यंत ‘म्हैसूर’ असेच राहिले. एकसंध भासणाऱ्या अल्पसंख्य राष्ट्राच्या आत किती भिन्न इतिहास असतात, हे यावरून दिसते. २०१२ च्या घटनादुरुस्तीने कल्याण कर्नाटकासाठी, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद-कर्नाटकासाठी, अनुच्छेद ३७१-ञ अन्वये विशेष तरतूद करावी लागली, तीही याच वास्तवामुळे.

या रचनेत बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, कारवार या भागांतील मराठी भाषक कर्नाटकात आले. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली. २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. त्यातील एकच गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. जो दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो, तोच सीमाभागातील मराठी भाषक काळा दिन म्हणून पाळतात. एकाच तारखेला एका समाजाची स्वायत्तता साकार झाली आणि दुसऱ्याची हरवली, अशी दोन्ही बाजूंची प्रामाणिक भावना आहे.

४. पीण्या : मागणी कारखान्यात येते

पीण्या औद्योगिक क्षेत्र तुमकूर रस्त्यालगत १९७० च्या दशकात आकाराला आले. त्याच्या शेजारी जालहळ्ळीला केंद्र सरकारचे हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) हे उद्योग आधीच उभे होते. मोठ्या उद्योगांना सुटे भाग पुरविणारे, लेथ आणि मिलिंग यंत्रांवर काम करणारे, मुलामा चढविणारे, साचे घडविणारे, कपडे शिवणारे असे हजारो लहान-मध्यम कारखाने पीण्यात आले. भारतीय अंतराळ संशोधन संघटनेचे उपग्रहांचा मागोवा घेणारे केंद्रही याच वसाहतीत आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्या मोहिमेचे नियंत्रण येथूनच झाले. संघराज्याची सर्वांत अभिमानाची प्रतिमा आणि रोजंदारीवरील कामगार असे दोन्ही एकाच वसाहतीत नांदतात. पीण्याचे महत्त्व त्यात आहे.

बंगळूर शहरात कन्नड भाषकांना आपण अल्पसंख्य झालो असे वाटणे हे कल्पनाविलास नव्हते. १८०९ साली वसलेली लष्करी छावणी तमिळ आणि इंग्रजी भाषकांची होती. ती १९४९ साली शहराच्या महापालिकेत विलीन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्रीय उद्योगांनी देशभरातून माणसे आणली. जनगणनेनुसार बंगळूर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. राज्यात बहुसंख्य, राजधानीत निम्म्याहून कमी, आणि संघराज्यात हिंदीच्या तुलनेत लहान, अशा तीन पातळ्यांवर कन्नड भाषकाची संख्या तीन वेगळे अर्थ घेते. जानकी नायर यांनी बंगळूरच्या विसाव्या शतकावरील आपल्या ग्रंथात (२००५) भाषेचा प्रश्न आणि शहरावरील हक्काचा प्रश्न एकमेकांत कसे गुंतले हे दाखविले आहे.

१९८०-८१ मध्ये बंगळूरच्या केंद्रीय उद्योगांत दीर्घ संप झाला. त्याच सुमारास, १९८० साली, कर्नाटक सरकारने वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८१ मध्ये तिने माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. तिच्या अंमलबजावणीसाठी १९८२ साली झालेल्या आंदोलनात साहित्यिकांबरोबर चित्रपट अभिनेते राजकुमार उतरले, आणि जे आजवर परिषदांच्या व्यासपीठावर होते ते रस्त्यावर आले. १९८३ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने सरोजिनी महिषी यांच्या अध्यक्षतेखाली नोकऱ्यांविषयीची समिती नेमली. धारवाडच्या या माजी खासदारांच्या समितीने १९८६ मध्ये ५८ शिफारशींचा अहवाल दिला. राज्याच्या उद्योगांतील सर्व नोकऱ्या आणि केंद्रीय व खाजगी उद्योगांतील खालच्या श्रेणीच्या नोकऱ्या कन्नड भाषकांना मिळाव्यात, असा तिचा रोख होता. कन्नड स्वायत्ततेचा प्रवास येथे नकाशापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत पूर्ण झाला.

मराठी वाचकाला यातील तर्क अपरिचित नाही. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या शिवसेनेने जवळपास हीच मागणी केली होती, आणि त्या वेळी ज्यांच्याविरुद्ध ती होती त्यांत कन्नड भाषकही होते.

५. पाटी, ध्वज आणि व्याख्या

जून २०१७ मध्ये बंगळूर मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेचा उरलेला टप्पा सुरू झाला. पीण्या आणि पीण्या इंडस्ट्री ही स्थानके त्याच मार्गिकेवर आहेत. स्थानकांच्या पाट्यांवरील हिंदीविरुद्ध लगेच आंदोलन उभे राहिले. काही ठिकाणी हिंदी अक्षरे झाकण्यात आली, आणि राज्य सरकारने हिंदी पाट्यांच्या सक्तीला विरोध कळविला. मार्च २०१८ मध्ये त्याच सरकारने पिवळा, पांढरा व लाल असा राज्यध्वज सादर करून केंद्राकडे पाठविला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी बंगळूरमधील शिक्षणसंस्था आणि कारखाने यांनी १ नोव्हेंबरला कन्नड ध्वज फडकवावा असे जाहीर केले. त्याआधी, २०२४ च्या आरंभी, व्यापारी पाट्यांवर साठ टक्के कन्नड बंधनकारक करणारी कायद्यातील दुरुस्ती झाली होती.

क्युबेकशी यांची तुलना उद्बोधक आहे. तेथील १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेने पन्नास वा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना कामकाजाची भाषा फ्रेंच असल्याचे प्रमाणपत्र घेणे आवश्यक केले. १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती अमान्य केली. अखेर १९९३ मध्ये फ्रेंचला ठळक स्थान देऊन इतर भाषांना जागा देणारा मार्ग स्वीकारण्यात आला. साठ टक्क्यांची कन्नड पाटी याच मार्गावरची आहे. मात्र क्युबेकचा कायदा जो कामगार येईल त्याला फ्रेंच शिकण्यास लावतो. कामाची भाषा बदलणे हा त्याचा हेतू. कर्नाटकातील मागणीचा भर काम कोणाला मिळावे यावर राहिला आहे. पहिल्या मार्गात भाषा हे प्रवेशद्वार ठरते, दुसऱ्यात जन्म ठरण्याचा धोका असतो.

हा धोका जुलै २०२४ मध्ये प्रत्यक्ष दिसला. स्थानिकांना उद्योगांतील व्यवस्थापकीय पदांपैकी पन्नास आणि इतर पदांपैकी सत्तर टक्के जागा देणारे विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केले आणि उद्योगक्षेत्राच्या विरोधानंतर दोनच दिवसांत स्थगित ठेवले. (हरियाणाचा याच स्वरूपाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला होता.) विधेयकातील ‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. राज्यात जन्म, पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कन्नड बोलता-लिहिता-वाचता येणे, असे तिचे तीन घटक होते. आता दोन तरुणांची कल्पना करू. एक बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रशाळेत शिकलेला मराठी फिटर, ज्याला शाळेत शिकलेले कन्नड येते. दुसरा अक्कलकोट किंवा जत तालुक्यातील, घरी पिढ्यान्‌पिढ्या कन्नड बोलणारा टर्नर. पीण्याच्या फाटकावर या व्याख्येनुसार मराठी फिटर ‘स्थानिक’ ठरतो आणि कन्नड टर्नर परका. मातृभाषेच्या रक्षणासाठी उभी राहिलेली चळवळ राज्याच्या सीमेशी येऊन थांबली की तिचा आधार भाषेकडून भूमीकडे असा सरकतो.

या सरकण्याला दुसरी बाजूही आहे. भूमीचा आधार घेतल्यामुळेच मराठी फिटरला आत येण्याची वाट मिळते, आणि ही गोष्ट कमी मोलाची नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ जाहीर केले, तेव्हा कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. हे मंडळ समाजासाठी आहे, भाषेसाठी नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. माणूस चालेल, भाषा चालणार नाही, असा त्या खुलाशाचा ध्वनी निघतो. सीमाभागातील मराठी भाषकाचे गाऱ्हाणे नेमके तेथे आहे. नोकरीपेक्षाही शाळा, सातबारा, ग्रामपंचायतीची नोटीस आपल्या भाषेत मिळावी यासाठी त्याचा आग्रह असतो. १९८६ च्या जूनमधील कन्नड सक्तीविरोधी आंदोलन यासाठीच झाले.

६. अल्पसंख्यातील अल्पसंख्य

विल किम्लिका यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात दोन प्रकारच्या हक्कांत भेद केला आहे. मोठ्या समाजाच्या दडपणापासून गटाला मिळणारे संरक्षण हा एक, आणि गटाने आपल्याच सदस्यांवर घातलेले निर्बंध हा दुसरा. पहिला न्याय्य, दुसरा संशयास्पद. कर्नाटकाला हा निकष लावताना एक अडचण येते. कन्नडची सक्ती दिल्लीच्या संदर्भात संरक्षण असते आणि खानापूरच्या संदर्भात निर्बंध असते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाची सक्ती राज्याला करता येणार नाही असे सांगितले, तेव्हा कन्नड लेखकांना तो इंग्रजीचा विजय वाटला. त्यांची खंत खरी होती. पण त्याच तत्त्वात मराठी माध्यमाच्या शाळेला आधार मिळतो, हेही खरे आहे.

जगातील काही अल्पसंख्य राष्ट्रांना ही अडचण उमगली, काहींना ती उमगावयास लावली गेली. १९९५ च्या क्युबेक सार्वमताच्या आठवडाभर आधी तेथील क्री आदिवासींनी स्वतःचे सार्वमत घेतले आणि प्रचंड बहुमताने कॅनडातच राहण्याचा कौल दिला. क्युबेकला जो आत्मनिर्णय हवा तो आम्हालाही हवा, असा त्याचा अर्थ. कॅटलोनियाने वेगळी वाट धरली. तेथील आरान खोऱ्यात काही हजार लोक ऑक्सितान भाषेचा एक प्रकार बोलतात. १९९० च्या कायद्याने त्या खोऱ्याला स्वशासन मिळाले आणि २००६ च्या स्वायत्तता कायद्याने ती भाषा संपूर्ण कॅटलोनियात अधिकृत झाली. स्पेनच्या संविधान न्यायालयाने २०१० मध्ये त्याच कायद्यातील कॅटलोनियाच्या ‘राष्ट्र’ म्हणून उल्लेखाला कायदेशीर परिणाम नाकारला. वरून जे नाकारले गेले, ते आपल्याहून लहानांना खाली देऊ करण्याची तयारी मात्र तेथे दिसते.

भारतीय संविधानात यासाठी लागणारी साधने आहेत. अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगतो, ३५०-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमतो. दोन्ही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने, म्हणजे राज्यपुनर्रचनेबरोबरच आले. राज्ये घडविणाऱ्यांना राज्यांच्या आत कोण उरणार आहे याची जाण होती. ही साधने अहवाल लिहिण्यापलीकडे फारशी गेली नाहीत, कारण प्रत्येक राज्याने ती शेजारच्या राज्यासाठी आहेत असे मानले.

७. समारोप

वरील विवेचनातून एक निष्कर्ष काढता येतो. कन्नड भाषकांच्या मागणीला अल्पसंख्य राष्ट्राच्या स्वायत्ततेची मागणी म्हणून वाचले, तर ती संकुचित प्रादेशिकतेची लाट न राहता धारवाडच्या शाळांपासून पीण्याच्या पाट्यांपर्यंत सलग असलेला एक ऐतिहासिक प्रवाह म्हणून उलगडते. त्याच वाचनाने तिच्यावर एक जबाबदारीही येते. मराठीच्या सावलीत राहिल्याची आठवण ज्या समाजाच्या आधुनिक वाङ्मयाचा पाया आहे, त्या समाजाने आपली सावली कोणावर पडते हे पाहणे त्याच्याच परंपरेला धरून होईल.

हीच जबाबदारी मराठी अभ्यासकावरही आहे. मुंबईत भूमिपुत्रांचा हक्क, बेळगावात भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क आणि पीण्यात संचारस्वातंत्र्याचा हक्क, असे ठिकाणानुसार तत्त्व बदलत राहिलो, तर आपल्या कोणत्याच म्हणण्याला वजन उरणार नाही. अक्कलकोटच्या कन्नड शाळेविषयी आपण जे बोलू, तेवढेच खानापूरच्या मराठी शाळेविषयी आपल्याला मागता येईल. तौलनिक साहित्याभ्यासाला येथे प्रत्यक्ष काम आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांतील पाठ्यपुस्तके, कामगारांच्या आठवणी, बेंद्रे-जोशी यांच्यासारख्या दुभाषिकांचे लेखन हे सारे एकत्र वाचण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. दर वर्षी १ नोव्हेंबरला पीण्यात लाल-पिवळा ध्वज चढतो आणि बेळगावात काळ्या फिती बांधल्या जातात. या दोन्ही कृतींचा अर्थ एकाच वेळी समजून घेता येईल अशी भाषा घडविणे, हे त्या अभ्यासाचे पहिले प्रयोजन असावे.